पहिल्या पानाची झेरॉक्स

“ताई, घरी येऊन गठ्ठा नेणारा झेरॉक्सवाला आहे का हो कुणी तुमच्या ओळखीचा?”

“आहे की. पण एवढं काय काढायचंय वहिनी? घर विकताय?”

“घर कशाला विकतेय! सूनबाईची प्लेसमेंटची फाईल, कॉलेजातल्या बढतीची. तीन सेट. प्रत्येक पानावर सही, प्रत्येक पानावर शिक्का. डायनिंग टेबलावर नुसते कागद पडलेत. पोरगा ताट मांडीवर घेऊन जेवतोय.”

वहिनींनी कढीपत्ता तोडायचं निमित्त केलं आणि भिंतीवर कोपर टेकलं. आमच्या दोन घरांमधली ही भिंत कमरेएवढीच आहे; गवंड्यानं गप्पांचा हिशेब धरूनच ती बांधली असावी. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. त्यामुळे प्राध्यापक मंडळींची सगळी अंडीपिल्ली मला ठाऊक, असा वहिनींचा ठाम समज आहे. तो अगदीच खोटा नाही.

“काय काय जोडलंय?”

“सगळं. सेमिनारची सर्टिफिकिटं, वृक्षारोपणाचे फोटो, आणि पेपर. पेपर म्हणजे काय, तर मासिकाचं कव्हर, अनुक्रमणिका आणि पेपरचं पहिलं पान. अनुक्रमणिकेत हिच्या नावावर पिवळा मार्कर.”

“आणि बाकीची पानं?”

“हेच मी विचारलं! म्हटलं, अगं, पुढची पानं राहिली. तर म्हणते, आई, पुढचं कुणी वाचत नाही. नाव दिसलं की गुण मिळतात.”

“बरोबर सांगितलं तिनं.”

“काय बरोबर? दोन पावसाळे कास पठारावर चिखल तुडवत होती. गुडघ्यावर बसून फुलं मोजायची. परत आली की पायाला जळवा. ते काय पहिल्या पानासाठी?”

मी काय सांगणार? ह्या फायली तपासणाऱ्या समित्या मी जवळून पाहिल्यात. एका दिवसात वीस-पंचवीस फायली, दुपारी जेवण, संध्याकाळची गाडी. भूगोलाच्या माणसासमोर रसायनशास्त्राची फाईल असते. वाचणार कधी आणि त्याला कळणार काय? मग मोजायचं. मोजायला विषय कळावा लागत नाही.

“हे तसं जुनं नाही हो. २०१० ला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, तक्ता आणला, एपीआय नावाचा. परीक्षकांनी तपासून छापणाऱ्या मासिकात पेपर आला तर पंधरा गुण. तसं मासिक नसलं, पण आयएसएसएन नंबर असला तर दहा. त्याआधी स्टाफपैकी एखाद-दुसरा माझ्याकडं मासिकं चाळायला यायचा. नंतर रांग लागली. वाचायला नाही हं. ‘मॅडम, ह्याला आयएसएसएन आहे ना?’ एवढंच विचारायला.”

“म्हणजे चांगल्या मासिकाला मिळतो ना तो?”

“छे! नियतकालिक ओळखायचा आठ अंकी नंबर आहे तो. आत काय छापलंय त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही.”

वहिनींनी आवाज खाली आणला. “कोपऱ्यावरचे सर पण यायचे का?”

“सगळ्यात आधी.”

“वाटलंच मला. बावन्न पेपर आहेत म्हणे. निरोप समारंभात दोनदा सांगितलं त्यांनी. आमचे हे म्हणाले, बावन्न म्हणजे पत्त्यांचा अख्खा कॅट झाला.”

“अहो, पण त्यांनी तरी काय करायचं? पगाराची पुढची पायरी त्यावर. मुलीचं लग्न, घराचा हप्ता. दहा गुण दीड-दोन हजारात मिळत असतील तर माणूस घेणारच. तक्ता करणाऱ्याला हे कळायला हवं होतं.”

“दीड हजार अजून आहे बरं का भाव! थांबा, दाखवते.” वहिनींनी पदराला हात पुसून मोबाईल काढला. सूनबाईला आलेला आणि तिनं हसण्यासाठी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. मध्ये तिरंगा, दोन्ही बाजूंना कमळं. ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय विशेषांक. सर्व विषयांचे पेपर स्वीकारले जातील. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. ४८ तासांत प्रकाशन. इम्पॅक्ट फॅक्टर ७ च्या वर. सहलेखकास वेगळे सर्टिफिकेट. गुगल पे नंबर खाली.’

“सगळे विषय चालतात म्हणजे?” वहिनी म्हणाल्या. “मी लोणच्यावर लिहिलं तर?”

“छापतील. अहो, अमेरिकेतल्या दोघा संगणकवाल्यांची गंमत ऐका. असल्याच मेलांना वैतागून त्यांनी २००५ मध्ये एक पेपर बनवला. दहा पानं, आलेख, आकृत्या, सगळं रीतसर. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वाक्य: आम्हाला तुमच्या मेलच्या यादीतून काढा. मध्ये एक शिवी पण होती.”

“शिवी?”

“सणसणीत. पुढं २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्राध्यापकानं तोच पेपर असल्या एका मासिकाला पाठवून दिला. त्याचा हेतू एवढाच, की निरोप पोचावा. तर पेपर स्वीकारला! परीक्षकाचा अभिप्राय ‘उत्कृष्ट’. दीडशे डॉलर भरा म्हणाले.”

वहिनी एवढ्या हसल्या की कढीपत्त्याची डहाळी माझ्या अंगणात पडली. मग एकदम गंभीर झाल्या. “मग सरकार झोपलंय का?”

“झोपलेलं नाही, याद्या करत बसलंय. यूजीसीनं मान्यताप्राप्त मासिकांची यादी काढली. विद्यापीठांना म्हणाले, तुम्ही नावं सुचवा. विद्यापीठांनी सुचवली, आणि ओळखीपाळखीची सगळी आत गेली. मग पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी ती यादी तपासायला बसले. विद्यापीठांनी सुचवलेल्यांतली १,००९ मासिकं बघितली. कुणाचा पत्ताच नाही, कुणाचा संपादक नाही, कुणाचा नंबर खोटा. ८८ टक्क्यांच्या आसपास बाद! २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते छापून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ मासिकं यादीतून काढून टाकली.”

“चार हजार! आणि त्यांत ज्यांचे पेपर होते त्यांचे गुण?”

“आधीचे गुण कोण परत घेतंय? मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तीही पुण्यातूनच चालायची. तर लोकांनी काय केलं, यादीतल्या चांगल्या मासिकांच्या नावानं हुबेहूब खोट्या वेबसाइट काढल्या. नाव तेच, नंबर तोच, पैसे घेणारा वेगळा. जुनी, साधी मराठी-संस्कृतची त्रैमासिकं, ज्यांची स्वतःची वेबसाइट नव्हती, ती तर आयतीच सापडली. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती यादीच बंद केली. आता कॉलेजांनी आपापलं ठरवायचं.”

“म्हणजे आमच्या सूनबाईच्या प्राचार्यांनी? त्यांना नॅकच्या तपासणीच्या रांगोळीतून सवड मिळाली तर ना!”

यावर मी बोलले नाही. भिंतीला कान असतात, आणि प्राचार्यांची मेव्हणी आमच्याच गल्लीत राहते.

“पण ताई, त्या मेसेजमध्ये इम्पॅक्ट फॅक्टर सात आहे. सूनबाईचा खरा पेपर ज्यात आलाय त्याचा म्हणे एकाच्या आत. मग सातवालं जास्त चांगलं?”

“ते सात त्यांनी स्वतःच्या मनानं लिहिलंय. असले आकडे विकणाऱ्या कंपन्या आहेत. पण खऱ्या आकड्याचंही ऐका, कारण हा आमच्या ग्रंथपालांच्या घरचा विषय आहे. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्डनं काढलेली ही कल्पना. कोणत्या मासिकांची दखल सूचीत घ्यावी, आणि पुढं ग्रंथालयानं मर्यादित पैशांत कुठली मागवावी, ते ठरवायला. हिशेब अगदी साधा. मासिकानं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा किती वेळा उल्लेख झाला, भागिले लेख किती. झाली सरासरी. मासिकाची सरासरी! आता मला सांगा, शाळेचा निकाल ब्याण्णव टक्के लागला म्हणून तुमच्या नातवाच्या मार्कशीटवर ब्याण्णव लिहितात का?”

“लिहिलं तर पेढे वाटीन. गणितात काठावर आहे तो.”

“तेच प्राध्यापकांचं चाललंय. २०१८ च्या नियमात विज्ञानाच्या पेपरला मूळ गुण आठ. वर मासिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरचे. तो एकाच्या आत असला तर दहा, दहाच्या वर असला तर तीस. पेपराचे आठ आणि मासिकाच्या नावाचे तीस!”

वहिनींनी बोटांवर काहीतरी मोजलं. “आणि तिच्या त्या नोंदींचे किती? ते कुठलं फूल कधी उमललं, पाऊस किती होता, सगळं एक्सेलमध्ये भरलंय तिनं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.”

“शून्य.”

“शून्य?”

“त्यासाठी तक्त्यात रकानाच नाही. आणि वहिनी, खरी किमतीची गोष्ट तीच आहे. पेपर काय, चार पानांचं म्हणणं. नोंदी उघड ठेवल्या तर दुसरा माणूस तपासून बघेल, तिचं चुकलं असेल तर सांगेल, दहा वर्षांनी कुणी परत त्याच पठारावर जाईल आणि ताडून पाहील. हल्ली ओपन सायन्स म्हणतात ते हेच. युनेस्कोनं २०२१ मध्ये सगळ्या देशांच्या वतीनं तशी शिफारस केली.”

“आणि उघड ठेवल्यावर कुणी ढापल्या तर? तिच्याच डिपार्टमेंटात एक महाभाग आहेत...”

“माहीत आहेत मला. ढापतातच, पण कपाटातल्या लवकर ढापल्या जातात. उघड ठेवलं की तारीख पडते, तिच्या नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेचं झेनोडो आहे, २०१३ पासून, फुकट. तिला म्हणावं, तिथं ठेव. फक्त दुर्मीळ रोपांची नेमकी जागा लिहू नको. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात कुदळी घेऊन येतील लोक.”

“हे तिला सुचलंय. म्हणाली होती, जागा सांगायची नाही.”

“हुशार आहे मुलगी.”

“हुशार आहे हो,” वहिनी म्हणाल्या, आणि लगेच सासूपणाला जागून, “स्वयंपाकात थोडी कमी.”

मग मी त्यांना रशियातल्या त्या गणितज्ञाची गोष्ट सांगितली. माझी आवडती आहे; निवृत्तीच्या भाषणातही सांगितली होती, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. ग्रिगोरी पेरेलमान. शंभर वर्षं न सुटलेलं कोडं, पॉइन्कारेचं. यानं २००२-०३ मध्ये उत्तर लिहिलं आणि कुठल्याही मासिकाकडं न पाठवता ‘अर्काइव्ह’ नावाच्या संकेतस्थळावर टाकून दिलं. भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांचं ते १९९१ पासूनचं उघडं दप्तर आहे, कुणीही उघडून वाचावं. जगभरच्या लोकांनी वाचलं, वर्षानुवर्षं ओळन् ओळ तपासली आणि मान्य केलं. २००६ मध्ये फील्ड्स पदक देऊ केलं, नको म्हणाला. २०१० मध्ये दहा लाख डॉलर देऊ केले, तेही नको.

“दहा लाख डॉलर नको? आई काय म्हणाली त्याची?”

“ते छापून आलेलं नाही. पण आपल्या तक्त्यात त्याला किती गुण पडले असते?”

“शून्य,” वहिनी म्हणाल्या. “कव्हर नाही, अनुक्रमणिका नाही. मार्कर कशावर मारणार?”

एवढ्यात दूधवाला आला, त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून वहिनींची रोजची बोलाचाली झाली, आणि परत भिंतीशी येताना त्यांनी डोक्यात एक नवा मुद्दा आणला होता. वहिनी असं करतात. आपल्याला वाटतं विषय संपला.

“पण ताई, तक्ता नव्हता तेव्हा काय होतं? माझ्या दीरांचं आठवतंय मला. संस्थेच्या चेअरमनच्या घरी गणपतीला हजेरी लावणारे पुढं गेले, हे मागं राहिले. मोजत नव्हते, पण वाचत तरी कुठं होते? तोंड बघायचे. निदान आकड्याला जात नसते, नातं नसतं.”

याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं, कारण बाई खरं बोलत होत्या. बाहेरच्या देशांत ओपन सायन्सची चळवळ करणारे म्हणतात, आकडे सोडा, माणसांनी वाचून ठरवा. २०१२ मध्ये सान फ्रान्सिस्कोला शास्त्रज्ञांनी जाहीरनामाच काढला, ‘डोरा’ म्हणतात त्याला: मासिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका. युरोपात २०२२ मध्ये शेकडो संस्थांनी तसा करार केला. हॉलंडच्या उट्रेख्त विद्यापीठानं नेमणुकांतून तो आकडाच काढून टाकायचं ठरवलं. सगळं छान. पण वाचणारा माणूस कुणाचा, हा प्रश्न सातारा जिल्ह्यात वेगळा पडतो.

“म्हणून वाचणाऱ्यालाही उघड्यावर आणायचं,” मी म्हटलं. “ब्रिटनमध्ये ‘ई-लाइफ’ नावाचं एक मासिक आहे. २०२३ पासून त्यांनी काय केलं, पेपर एकदा परीक्षकांकडं पाठवला की मग स्वीकारला-नाकारला हा प्रकारच बंद. पेपर छापायचा आणि परीक्षकांनी काय म्हटलं तेही शेजारी छापायचं. भलामण केली तर दिसणार, डूख धरला तर दिसणार.”

“हे आवडलं मला. मग?”

“मग काय, इम्पॅक्ट फॅक्टर देणाऱ्या कंपनीनं त्यांचा आकडाच काढून घेतला. तुमचे नियम आमच्यात बसत नाहीत म्हणाले.”

“बघा! वाळीत टाकलं.”

“आणखी एक साधी युक्ती जर्मनांची. तिथल्या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये अर्जात जास्तीत जास्त पाचच पेपर लिहू द्यायचे ठरवले. बावन्न असले तरी पाच. पाच असले की माणूस वाचायचा तरी विचार करतो.”

“सरांना पाच निवडायला किती त्रास होईल!”

“चीनचं तर विचारूच नका. तिथं मोठ्या मासिकात पेपर आला की विद्यापीठं रोख बक्षीस द्यायची, एका पेपरला १,६५,००० डॉलरपर्यंत. २०२० मध्ये सरकारनंच सांगितलं, बंद करा हे. तोवर पेपर बनवून विकणारे कारखाने उभे राहिले होते. लंडनच्या एका प्रकाशकानं २०२३ मध्ये आठ हजारांवर पेपर मागं घेतले. आणि ती सगळी मासिकं उघडी होती बरं का, कुणालाही फुकट वाचता येतील अशी.”

“मग उघडं असून काय उपयोग झाला?”

“नुसतं उघडं असून होत नाही ना. तिथं वाचणाऱ्याला फुकट, पण लिहिणाऱ्यानं पैसे भरायचे. जितके जास्त पेपर घ्यावेत तितका जास्त गल्ला. ‘नेचर’नं २०२० मध्ये दर जाहीर केला तो साडेनऊ हजार युरो. आठ लाखांच्या वर, एका पेपरचे.”

“आठ लाखांत माझ्या सुनेनं कासला घर बांधलं असतं.”

“तिथं बांधायला परवानगी नाही.”

“बोलायची पद्धत आहे हो! मग आपल्याकडं काय, सरकारनं ते सबस्क्रिप्शन घेतलंय ना? पेपरात आलं होतं.”

“हो, वन नेशन वन सबस्क्रिप्शन. तीन वर्षांचे ६,००० कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास मासिकं. २०२५ पासून चालू. सरकारी संस्थांतल्या लोकांना वाचता येतं. खेड्यातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला मोठ्या मासिकातला लेख मिळतो, ही लहान गोष्ट नाही. मी नोकरीत असताना एका लेखासाठी पुण्याला पत्र पाठवून महिना वाट बघितलीय. पण मला आता निवृत्त म्हणून नाही मिळत, तुम्हालाही नाही. पैसे तुमच्या-माझ्या करातले. आणि इतक्या पैशात आपल्याकडची स्वतःची मासिकं किती उभी राहिली असती? बंगळूरच्या इंडियन अकॅडमीची मासिकं बघा. लिहिणाऱ्याला फुकट आणि वेबसाइटवर वाचणाऱ्यालाही फुकट, कित्येक वर्षं चालवतायत.”

“मग लोक तिथं का नाही पाठवत?”

“इम्पॅक्ट फॅक्टर कमी. गुण कमी.”

वहिनी कपाळावर हात मारणार तोच फाटकाचा आवाज झाला. कोपऱ्यावरचे सर. हातात दुधाची पिशवी, डोक्याला मफलर. बोलणं ऐकलं असावं, कारण ते थेट मुद्द्यावर आले.

“काय, बावन्न पेपरांचा विषय चाललाय वाटतं?”

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. वहिनी म्हणाल्या, “हो ना सर. त्यातला एखादा वाचायला द्या की.”

सर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यातला नको. प्रबंध दिला असता. उपसा जलसिंचन सोसायट्यांवर. चौऱ्याण्णवचा. कऱ्हाड-खटाव भागात सायकलवर फिरून एकेका सोसायटीचे दफ्तर बघितले होते. बँक कर्ज का देते, सोसायटी का बुडते, सगळे आहे त्यात. माझ्याकडची प्रत महापुरात... म्हणजे भावाच्या घरी सांगलीला ठेवली होती. एक विद्यापीठात असेल.”

“शोधगंगेवर बघू या,” मी म्हटलं. वहिनींच्या मोबाईलवर बघितलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार. २००९ च्या नियमापासून प्रबंधाची डिजिटल प्रत द्यावी लागते, ती तिथं कुणालाही वाचता येते. कव्हर ते शेवटच्या पानापर्यंत. जुनेही काही विद्यापीठांनी स्कॅन करून चढवलेत. सरांचा नव्हता.

“विद्यापीठाच्या ग्रंथालयाला अर्ज करा सर. स्कॅन करून टाका म्हणावं. लेखकाचं संमतिपत्र जोडा. मी मसुदा देते.”

“आता कशाला? आता गुण थोडेच मिळणार आहेत?” सर हसले, पण दुधाची पिशवी त्यांनी भिंतीवर ठेवली.

“गुण राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “सोसायट्या का बुडायच्या ते सांगा. आमच्या माहेरी होती एक. वडिलांचे पैसे अडकले होते.”

“मुख्य कारण वीजबिल. थकबाकी साठते, मग कनेक्शन तोडतात, मग पीक वाळते, मग वसुली कुठून होणार?”

“आमच्याकडं बिल भरलेलं होतं सर. नदीच आटली. वर धरण बांधलं आणि जॅकवेल कोरडं पडलं.”

“हे माझ्या नमुन्यात नव्हते,” सर म्हणाले. त्यांनी स्वेटरच्या खिशातून पेन काढलं आणि कागदासाठी माझ्याकडं हात पुढं केला. “गाव कुठले तुमचे? आणि साल?”